हे एवढं पाणी आणतात कुठून?

इजिप्तला जाऊन आलो पण पिरॅमिड बघितले नाहीत असं सांगितलं की आपल्याकडची माणसं क्षणभर गप्प होतात आणि मग विचारतात, "मग केलं काय तिकडे?" खरं उत्तर असं की खाल्लं, झोपलो, पाण्यात डुंबलो आणि परत खाल्लं. जर्मनीत राहायला आल्यावरच मला हा प्रकार कळला. इथे ईस्टरच्या सुट्टीआधी ऑफिसात कोणालाही विचारा, स्पेनमधलं मायोर्का, तुर्कीतलं अंताल्या नाहीतर हुरघाडा, या तीन नावांच्या पलीकडे गाडी सहसा जात नाही. हुरघाडा इजिप्तच्या पूर्व किनाऱ्यावर, तांबड्या समुद्राकाठी, कैरोपासून साडेचारशे किलोमीटर लांब, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांच्या डोक्यात पिरॅमिड नसतातच, डोक्यात असतं फक्त ऊन. नोव्हेंबर ते मार्च करड्या आभाळाखाली काढले की उन्हासाठी माणूस पैसे मोजायला तयार होतो हे लातूरला वाढलेल्या मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पैसे मोजायचे ते मात्र एकदाच. विमान, हॉटेल, तीन वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी-बियर, एअरपोर्टवरून नेणारी बस, सगळं एका किमतीत, म्हणजे ऑल इन्क्लुझिव्ह. कल्पना तशी जुनी आहे, १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या एका बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने मायोर्का बेटावर तंबू ठोकून क्लब मेड हा सुट्टीचा क्लब सुरू केला, तिथे पुढे लोक पैशांऐवजी मण्यांची माळ घालून फिरायचे आणि बारवर एकेक मणी काढून द्यायचे. आता मणी गेले आणि प्लॅस्टिकचा पट्टा आला. चेक-इनला मनगटावर अडकवतात तो निघताना कात्रीनेच कापायचा. अंघोळीला पट्टा, झोपताना पट्टा, फोटोत पट्टा.

या सुट्ट्यांना नावं ठेवणारे खूप भेटतात, विशेषतः आपल्यातले, जे दर सुट्टीला चार देश करून येतात आणि पाचव्या दिवशी कुठल्या शहरात होते ते त्यांना आठवत नाही. मी नावं ठेवणार नाही. वर्षभर ज्या बाईच्या डोक्यात "उद्या डब्याला काय" हा एकच प्रश्न फिरत असतो, तिला आठवडाभर तो प्रश्न पडला नाही तर काय होतं हे ज्याला कळत नाही त्याने या विषयावर बोलू नये. पाकीट लॉकरमध्ये टाकल्यावर पहिले दोन दिवस चुकल्यासारखं होतं, हात उगाच खिशाकडे जातो, लेकीने तिसरं आइस्क्रीम मागितलं की तोंडातून "आता बास" निघतं आणि मग लक्षात येतं की का बास, कशासाठी बास. खरं तर इथे जेवणापेक्षा किंवा समुद्रापेक्षा जास्त विकली जाते ती ही हिशेबातून सुटका. तिसऱ्या दिवशी ती अंगवळणी पडते. मग माणसं एकदम शांत होतात, कमी खातात, आणि सकाळी सहाला उठून सनबेडवर टॉवेल टाकून जागा धरायला जातात. हो, फुकट मिळत असलं तरी. त्यात आमचे जर्मन शेजारी सगळ्यात पुढे.

यावेळी आई बरोबर होती. ती लातूरहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती, म्हटलं चल, थंडीत घरात बसून काय करणार. विमान उतरताना तिने खिडकीतून बघितलं ते असं: आधी डोंगर, एकही झाड नसलेले, तांबूस-करडे, मग सपाट वाळू, मग अचानक किनाऱ्याला चिकटून हिरवे चौकोन आणि त्यात निळे तलाव, एकाशेजारी एक, मैलोन् मैल. आमचं हॉटेल मकादी बे भागातलं, एअरपोर्टपासून अर्ध्या-पाऊण तासावर. खोलीत बॅगा टाकल्या, नवरा आणि लेक स्विमिंग पूलकडे पळाले, आई बाल्कनीत उभी. खाली लॉन, बोगनवेल, खजुराच्या रांगा, आणि लॉनवर फवारे फिरतायत. आई बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, "हे एवढं पाणी आणतात कुठून गं?"

बाकी कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी कौतुकाचा समजले असते. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडल्यावर लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. आईने ते दिवस बादलीत मोजून काढलेत. तिने अजूनही भाजी धुतलेलं पाणी फेकलेलं मी पाहिलं नाही. तिच्या प्रश्नात कौतुक नव्हतं, जवळजवळ पोलिसी चौकशी होती.

आणि तिने ती खरंच केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बुफेतून दोन उकडलेली अंडी टिश्यूत बांधून (ऑल इन्क्लुझिव्ह असूनही, सवय) ती बागेत गेली आणि पाइप घेऊन उभ्या असलेल्या माळ्याला हातवारे करून विचारायला लागली, मला बोलावलं, मी इंग्लिशमध्ये, तो अर्ध्या जर्मनमध्ये. त्याने सांगितलं की बागेचं पाणी म्हणजे खोल्यांमधलंच वापरलेलं, हॉटेलमागे प्लांट आहे, तिथे शुद्ध करून परत झाडांना. आणि खोल्यांमधलं? त्याने हात समुद्राकडे केला.

हे मला ऐकून माहीत होतं, पण हिशेब मी पहिल्यांदा केला. हुरघाडाला वर्षाचा पाऊस धरून-पकडून काही मिलिमीटर, कित्येक वर्षं तोही नाही. नदी नाही, ओढा नाही. मूळचं कोळ्यांचं छोटं गाव, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसपास तेल सापडलं तेव्हा जरा माणसं आली, आणि हॉटेलांची लाट १९८० नंतरची. आता गोड पाणी काही नाईलवरून लांबच्या पाइपांनी येतं, पण हॉटेलांचं बरंचसं काम समुद्राचं पाणी दाबाने पडद्यातून ढकलून मीठ वेगळं करण्यावर चालतं. साठ-सत्तर बारचा दाब, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीस-तीस पट. एक हजार लिटरला तीन-चार युनिट वीज. आणि आत घेतलेल्या पाण्यातलं साधारण चाळीस टक्केच गोड होऊन निघतं, उरलेलं दीडपटीहून जास्त खारट होऊन परत जातं. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्याकडं का नाही करत?" म्हटलं आपल्याकडे समुद्र नाही आई, लातूरला. "हो की," म्हणाली आणि अंडं सोलायला बसली.

पण मला त्या बाल्कनीतून दिसणारं चित्र त्यानंतर उलटं दिसायला लागलं. हॉटेलवाले वाळवंट लपवायला किती धडपडतात! लॉन, धबधबा, कृत्रिम खडक, बारच्या वर पाण्याची वाफ सोडणारे पंखे. जाहिरातीतही वाळवंट येतं ते फक्त उंटाच्या सफारीपुरतं. आणि गंमत अशी की ज्यासाठी लोक इथे येतात ती एकमेव अस्सल गोष्ट, म्हणजे समुद्राखालचं प्रवाळ, ती या वाळवंटामुळेच आहे. तांबड्या समुद्राला बारमाही नदी मिळतच नाही. नदी नाही म्हणजे गाळ नाही, गाळ नाही म्हणजे पाणी आरपार दिसतं, ऊन खोलवर जातं आणि प्रवाळाला जगायला ऊन लागतं. आपल्या कोकणात जून लागला की खाड्या लाल माती ओतायला लागतात, सह्याद्री धुऊन समुद्रात येतो, म्हणून आपला समुद्र मातकट, आणि म्हणून मासळीला खाद्यही भरपूर. तिथे वरून काही पडतही नाही आणि बाजूने काही येतही नाही. वर्षाला जवळजवळ दोन मीटर उंचीचं पाणी नुसतं उन्हाने उडून जातं, ते भरून येतं दक्षिणेकडून, बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. त्यामुळे खारटपणाही जास्त, लिटरमागे चाळीस ग्रॅमच्या आसपास, बाकी महासागरांत पस्तीस. तरंगायला जरा सोपं जातं. नवरा तरंगला.

प्रवाळाची कड हॉटेलच्या किनाऱ्यापासून जवळच, तिथपर्यंत लाकडी जेट्टी बांधलेली, टोकाला शिडी. चालत आत जायचं नाही, पाय कोरलवर पडतात. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्या मिनिटाला मला आवाज ऐकू आला. कट्, कट्, कट्. इकडेतिकडे बघितलं तर एक हातभर लांबीचा हिरवा-निळा पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी खडक खात होता. चावा घ्यायचा, थोडं पुढे जायचं आणि मागून पांढरी वाळू सोडायची, धूर सोडल्यासारखी. मग कळलं की ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर लोक टॉवेल टाकून जागा धरतात त्यातली काही या महाशयांच्या पोटातून आलेली असते. (लेकीला सांगितलं, तिने दिवसभर वाळूला हात लावला नाही.) पिवळेधमक बटरफ्लायफिश, गालावर निळसर काळा डाग, कायम जोडीने फिरणारे, हे तांबडा समुद्र आणि त्याला लागूनचा भाग सोडला तर जगात कुठे दिसत नाहीत. एक जोडी एकाच खडकाभोवती फिरत असायची, मी दोन्ही वेळा गेले तेव्हा तिथेच.

आणि तिथेच एक काका, पोट सुटलेले, हातात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, चक्क कोरलच्या ढिगावर दोन्ही पाय टेकून उभे. जेट्टीवरचा माणूस शिट्टी फुंकतोय, यांना वाटतंय दुसऱ्या कोणाला. घट्ट गोलाकार कोरल वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, म्हणजे त्यांच्या पायाखालचा तो फुटबॉलएवढा गोळा दहा-वीस वर्षांचा तरी असणार. बोटींच्या नांगरांनी तर याहून वाईट व्हायचं, म्हणून १९९२ मध्ये हुरघाडातल्याच डायव्हिंगवाल्यांनी हेप्का नावाची संस्था काढली आणि बोटी बांधायला समुद्रात कायमचे बोये टाकले, नांगर टाकायचाच नाही. ज्यांचं पोट समुद्रावर, त्यांनीच हे केलं, हे मला आवडलं. पण पट्टा लावून आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. त्याला वाटतं समुद्रही किमतीत आहे.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दीडशे पदार्थ आणि त्यातले एकशे तीस कुठल्याही देशातल्या कुठल्याही हॉटेलात मिळतील असे. इजिप्शियन खाणं एका कोपऱ्यात, मोठ्या तांब्याच्या हंड्यात फूल, म्हणजे रात्रभर शिजवलेला बाकला, वर जिरेपूड, लिंबू, तेल, आणि शेजारी त्याच डाळीची तामिया, म्हणजे तळलेले वडे. शाकाहारी आईचा मुक्काम त्या कोपऱ्यात. तिच्या मते ते वालाच्या उसळीची लांबची बहीण आहे, फक्त गूळ-आमसूल विसरलेत. तिथे वाढायला असणारा मुलगा, असेल पंचविशी-तिशीचा, तिच्यावर खूश, कारण बाकी सगळे सॉसेजच्या रांगेत. तिला "ममा" म्हणायचा आणि ती येताना दिसली की हंडा तळापासून ढवळायचा.

तो नाईलकाठचा, किना भागातला. हॉटेलात काम करणारे जवळजवळ सगळे तिकडचे, किना, सोहाग, लक्सर. हुरघाडाचा मूळ रहिवासी असा मला एकही भेटला नाही. तीन आठवड्यांवर सलग काम, मग आठवडाभर घरी, असं त्याने सांगितलं. राहायला स्टाफची इमारत, हायवेच्या पलीकडे, तिथे लॉन नाही. आधी शर्म अल-शेखला, म्हणजे सिनाईतल्या अशाच हॉटेलांच्या गावात होता, पण ३१ ऑक्टोबर २०१५ ला तिथून उडालेलं रशियन विमान सिनाईवर पडलं, २२४ माणसं गेली, त्यानंतर रशियनही बंद आणि ब्रिटिशही बंद, ब्रिटनची शर्मच्या विमानांवरची बंदी उठायला २०१९ उजाडलं आणि रशियाची तर २०२१. हा तेवढी वर्षं घरी ऊस तोडत होता.

ऊस म्हटल्यावर आई सरसावून बसली. तुमच्याकडे ऊस? किती एकर? कारखाना किती लांब? भाव काय? मी आपली दुभाषी, नवऱ्याची कॉफी गार होतेय. किना म्हणजे इजिप्तमधला उसाचा मोठा पट्टा, शेतातून कारखान्यापर्यंत छोट्या रुळांवरून उसाच्या वाघिणी जातात, पाणी नाईलचं, पाटाने मोकळं सोडायचं. "पाटानं?" आई म्हणाली. "ह्यांना पण सांगा कोणीतरी ठिबक लावा म्हणून." मराठवाड्यात पाऊस नाही आणि ऊस आहे, त्यांच्याकडेही पाऊस नाही आणि ऊस आहे, यावर दोघांची चांगली गट्टी जमली.

लक्सरची एक दिवसाची ट्रिप आम्ही घेतली ती खरं म्हणजे तो ऊस बघायला, असं आता वाटतं. पहाटे अंधारात बस, सफागापर्यंत समुद्र, मग उजवीकडे वळून डोंगरात. दीडशे किलोमीटर काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही, एक टपरी वगळता. आणि मग एका वळणानंतर डोंगर संपतात आणि एकदम हिरवं, कालवा, गाढवं, म्हशी, ऊस, ट्रॅक्टर. रेघ मारावी तशी हद्द. तिथल्या कर्नाकच्या देवळाचे खांब मोठे आहेत, गर्दीही मोठी आहे, गाइड घाईत होता. आई परतीच्या वाटेवर फक्त ऊस मोजत होती.

हाच रस्ता, थोडा दक्षिणेकडून, १८०१ च्या उन्हाळ्यात आपल्या शिपायांनी पायी केलाय. नेपोलियनची फ्रेंच फौज इजिप्तमध्ये अडकलेली, तिला हाकलायला इंग्रजांनी जनरल बेअर्डच्या हाताखाली मुंबई आणि बंगालच्या पलटणी जहाजांनी कुसैर बंदरात उतरवल्या आणि तिथून वाळवंट ओलांडून किनाला नेल्या, रात्री चालायचं, दिवसा सावली शोधायची, पाण्यासाठी टप्प्याटप्प्यावर विहिरी खणायच्या. मुंबईच्या पलटणींत तेव्हा कोकणातली माणसं भरपूर असायची. घरी सांगून निघाले असतील का, कुठे चाललोय ते?

कुसैर मला बघायचंच होतं. रिसेप्शनवरच्या माणसाने "तिथे काही नाही, मॅडम" असं दोनदा सांगितलं आणि मॉलची ट्रिप सुचवली. टॅक्सी केली, शंभरेक किलोमीटर. जुनं, रंग उडालेलं, खरं गाव: पोरं शाळेतून येतायत, पावाच्या भट्टीसमोर रांग, बायका रस्त्यावर दिसतात (हॉटेलात काम करणारी एक बाई दिसली नव्हती मला). मधोमध तुर्कांच्या काळातला किल्ला. हजला जाणारे इथून जहाज धरायचे. आणि गावाच्या उत्तरेला सात-आठ किलोमीटरवर, रस्त्यावरून बघितलं तर नुसते उंचवटे, ते मायोस होर्मोस. रोमनांचं बंदर. स्ट्रॅबो हा जुना ग्रीक भूगोलकार लिहून गेलाय की त्याच्या काळात इथून वर्षाला एकशे वीस जहाजं हिंदुस्थानला जायची. इथे तमिळ-ब्राह्मीत नावं कोरलेली खापरं सापडलीत, आणि आणखी दक्षिणेला बेरेनिके बंदरात देवळाच्या अंगणात पुरलेल्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी.

आईला खापरांत रस नव्हता, ऊन लागत होतं. म्हणून तिला तेरचं सांगितलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने या प्रवासाची टिपणं लिहून ठेवलीत, पेरिप्लस म्हणतात त्याला, त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणून मोठं शहर आहे, तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जातं आणि तिथून जहाजावर. तगर म्हणजे तेर. लातूरपासून तासा-दीड तासावर, आईच्या माहेरच्या वाटेवर. तिच्यासाठी तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, लामतुरे म्युझियम तिने शाळेच्या सहलीत बघितलेलं. ती त्या उंचवट्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे आमच्या तेरचा माल इथं उतरायचा?" म्हटलं हो, इथे किंवा त्या दुसऱ्या बंदरात. "आणि इथनं पुढं?" उंटांवरून नाईलपर्यंत, मग होडीतून. "पाणी नसताना," ती म्हणाली. तिचं एकच.

निघायच्या आदल्या रात्री तो हंड्यावरचा मुलगा टेबलाशी आला, खिशातून रुमालात बांधलेली चिल्लर काढली, सगळी युरोची नाणी. टीप नाण्यांत मिळते आणि तिथल्या बँका परदेशी नाणी घेत नाहीत, म्हणून पाहुण्यांकडून नोटा बदलून घ्यायच्या, हे तिथे रोजचंच. मार्च २०२४ मध्ये इजिप्तने आपल्या पाउंडाचा भाव बाजारावर सोडला तेव्हा डॉलर एका दिवसात एकतीस पाउंडांवरून पन्नाशीच्या आसपास गेला, आमच्यासाठी सुट्टी स्वस्त झाली आणि त्याच्यासाठी ही नाणी पगारापेक्षा भरवशाची झाली. आईने नाणी ओढून घेतली, टेबलक्लॉथवर दहा-दहाच्या चवडी लावल्या, दोनदा मोजलं. त्यात एक नाणं दोन युरोएवढंच निघालं, पण रंग उलटे, बाहेरून पिवळं, आत पांढरं, ते तुर्की लिरा होतं, कोणा पाहुण्याने खपवलेलं. मुलगा ओशाळून हसला, परत घ्यायला हात पुढे केला. आईने ते नाणं स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि मला म्हणाली, "त्याला पूर्ण धरून नोटा दे. आणि तू टीप देणार होतीस ती वेगळी."